दुसरा रकाना

साहेबांनी सतरंजीवरची मुलं मोजली. फार वेळ लागला नाही. एकच मुलगी होती.

"रजिस्टरात सव्वीस," साहेब म्हणाले, "आणि सतरंजीवर एक. बाकीची काय खिडकीतून उडाली?"

पाळणाघराच्या ताईंनी हसायचा प्रयत्न केला, पण जमला नाही. सकाळीच त्यांनी सव्वीस वाट्या घासूनपुसून मांडल्या होत्या. काल संध्याकाळी मुलं न्यायला आलेल्या प्रत्येक आईला बजावलं होतं, "उद्या खाडा नको हं. नगरपालिकेचे साहेब मुलं मोजायला येणार आहेत. पंधरा भरली तर पाळणाघर राहील, नाहीतर मिटलं." आयांनी माना डोलावल्या होत्या. जरा जास्तच डोलावल्या होत्या, हे ताईंना आत्ता आठवलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. पाणी स्वतः उठून घेतलं, पेला विसळून जागेवर ठेवला. पण शहरातल्या मुलाबाळांच्या सोयींचं पुढच्या पाच वर्षांचं नियोजन त्यांना एका दुपारी उरकायचं होतं आणि अजून सात वस्त्या बाकी होत्या.

"दहा मिनिटं द्या, हाक मारून आणते," असं म्हणत ताईंनी रजिस्टर काखेत मारलं.

"चला, मीही येतो. वस्ती बघितल्यासारखं होईल."

साहेब पुढे झाले. मुलीनं ताईंचा पदर ओढला.

"ताई, कुणी येणार नाही. सगळ्यांना आत घातलंय."

"आत म्हणजे?"

"घरात. मोजणारे आले की घेऊन जातात ना. टाकीजवळच्या दोघांना नेलं होतं, तसं. आमचं कुलूप लागत नाही, म्हणून मी आले."

ताई जागच्या जागी थांबल्या. टाकीजवळची ती भावंडं. तीन वर्षांपूर्वी याच कचेरीतून एक साहेब मोजणीला आले होते आणि जाताना दोघांना गाडीत बसवून घेऊन गेले होते. ती अजून परतायची होती. आणि काल आपण आपल्या तोंडानं प्रत्येक आईला सांगितलं, की उद्या मोजायला येणार आहेत.

गल्लीत ओळीनं पत्र्याची दारं होती. प्रत्येक दाराला बाहेरून कुलूप. आया कामावर.

"बरं झालं आठवलं," साहेबांनी पॅडवरचा कागद उलटला. "हा दुसरा रकाना राहिलाच. घरात एकटी कोंडलेली मुलं. आहेत का तुमच्या वस्तीत?"

"असली तर?"

"असली तर काळजीच मिटली. त्याला पंधराची अट नाही. एक मूल असलं तरी गाडी येते. बालगृहात जागा आहे, मंजुरी आहे, गाद्यासुद्धा नव्या आल्यात."

"आणि आईबापांचं काय?"

"त्यांना नोटीस. ती आपोआप निघते."

ताईंनी हिशेब मांडला. पहिल्या रकान्यात पंधरा हवी होती, होती एक. दुसऱ्यात एक पुरत होतं, होती पंचवीस.

तेवढ्यात डावीकडच्या दारामागं कुणीतरी खोकलं. दाबून, उशीत तोंड खुपसून खोकावं तसं.

"कोण आहे आत?"

"मांजर असेल."

"मांजर खोकतं?"

"म्हातारं झालंय हो."

"आणि मुलं?"

"मामाकडं गेलीत."

"सगळ्यांचे मामा एकाच दिवशी मोकळे सापडले?"

साहेबांनी कुलपाकडं पाहिलं. मग घड्याळाकडं पाहिलं. घड्याळाचं म्हणणं त्यांना लवकर पटलं.

पॅड गुडघ्यावर टेकवून त्यांनी लिहिलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "वस्तीत सेवेची गरज आढळली नाही. दुसरा रकाना, निरंक." मग पेन ताईंच्या हातात दिलं. "इथं सही. पाळणाघर पहिल्या तारखेपासून बंद. वाईट वाटून घेऊ नका बाई. गरज संपली म्हणजे तुमच्या कामाला यशच आलं म्हणायचं. सत्काराला नाव सुचवतो तुमचं."

ताईंनी सही केली.

साहेबांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत त्या गल्लीत उभ्या राहिल्या. मग काखेतलं रजिस्टर काढलं. आजच्या तारखेखाली सगळं कोरं होतं. डावीकडच्या दारापाशी जाऊन त्यांनी हळूच विचारलं,

"काय रे खोकल्या, आहेस ना?"

आत श्वाससुद्धा ऐकू येईना. मग पत्र्याच्या अगदी जवळून आवाज आला, "ताई, गेले का?"

"गेले."

"मग हजर."

त्यांनी खूण केली. पुढचं दार. "हजर." पुढच्या दारात दोघं होती, आधी कोण म्हणणार यावरून आतच भांडली. सतरंजीवरची मुलगी मागं मागं येत होती. प्रत्येक दाराशी ती बोट मोडून आकडा पुढं सरकवत होती.

शेवटच्या खोलीतली सगळ्यांत धाकटी. तिला अजून बोलता येत नव्हतं. ताई खाली वाकल्या आणि तिला हाक मारली. दाराखालच्या फटीतून एक इवलंसं बोट बाहेर आलं आणि हजेरीला करायला शिकवलं होतं तसं वर झालं.