नायटा

पोशीरच्या सोनुबाईच्या कमरेवर चट्टे उठले. दुकानातलं मलम लावलं की खाज थांबायची, पण चट्टे पुन्हा वाढून परतायचे. ते मानेपर्यंत आले, तेव्हा गावात कुणीतरी महारोग म्हणालं. त्या दिवसापासून तिची बाज पडवीत गेली आणि ताट-तांब्या वेगळा झाला.

दोन वर्षांनी मुलगा कमलेश तिला कर्जतला नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी चट्ट्याची खरवड काढून तपासली.

"आजी, हा महारोग नाही. नायटाच आहे, फक्त नव्या जातीच्या बुरशीचा. साध्या औषधाला दाद देत नाही, आणि त्या मलमानं तर उलट वाढला. गोळ्या नीट घ्या, पूर्ण बरा होईल."

मग डॉक्टरीणबाई कमलेशकडे वळल्या.

"अंगाला अंग लागून हा घरभर पसरतो. घरात अजून कोणाला झालाय?"

"कोणालाच नाय," तो पुटपुटला.

"दोन वर्षांत एकालाही नाही? असं कसं?" डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं.

सोनुबाईनं मानेवर पदर ओढून घेतला.

"अंगाला अंग लागाया कोनी जवळ आलंच नाय, बाई."