कोरडा दिवस

खुटबावात आज कोरडा दिवस होता. आशाताई अनुपमा घरोघरी साठलेलं पाणी ओतायला लावत होती. पुतळाबाईंचे हंडे, घागरी, पिंप सगळं घासून उन्हात पालथं पडलं होतं. फक्त न्हाणीजवळचा रांजण फडक्यानं झाकलेला.

"मावशी, हा राहिला की."

"त्यो नगं. तापानं पडायच्या आदल्या दिवशी माझ्या सत्यजीतनं भरलाय त्यो."

गेल्या महिन्यातच पुतळाबाईंचा तो पोरगा डेंग्यूनं गेला होता. अनुपमानं हळूच फडकं उचललं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

"मावशी, अवो, ह्यांचेच डास होत्यात. असल्याच डासांनी नेला त्याला."

पुतळाबाईंनी तिच्या हातातलं फडकं घेऊन रांजण पुन्हा झाकला.

"म्हाईत हाय. पन त्याच्या हातचं एवढंच जित्तं राह्यलंय, बाई."