डावीकडची डिस्क

“लाइट विझल्याशिवाय हात लावू नकोस,” परीक्षित फोनवर म्हणाला. “चालू डिस्क ओढली तर आतलं सगळं जाईल.”

हिमानी सर्व्हरसमोर गुडघ्यांवर बसली होती. फोन स्पीकरवर टाकून तिने शेजारी जमिनीवर ठेवला होता. साधाच कॉल होता, व्हिडिओ नव्हता. परीक्षित, तिचा नवरा, कामासाठी टेक्सासला गेला होता. पिस्कॅटवेच्या या घरात ती एकटीच होती.

सर्व्हर म्हणजे परीक्षितने हौसेने जुळवलेला काळा खोका. वरच्या ओळीतल्या डिस्क फोटोंसाठी होत्या. खालच्या ओळीत एकच डिस्क होती, कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगची. ती भरत आली होती. म्हणून फोटोंमधली एक डिस्क त्याने तिकडूनच रिकामी केली होती. ती वरून काढायची आणि खाली बसवायची, एवढंच काम हिमानीकडे होतं.

“पण कॅमेरे दोनच तर आहेत,” ती म्हणाली. “दारावरचा आणि गॅरेजमधला. इतकं कसं भरलं?”

“क्वालिटी वाढवली यार. तू नको त्यात पडूस.”

ती पडली नाही. हल्ली ती कशातच पडत नसे. ती दुपारी झोपली की त्याला कळायचं. आईशी फोनवर काय बोलली तेही कळायचं. कसं कळलं म्हणून विचारलं की तो हसायचा. “तूच तर सांगितलंस. विसरलीस?” पुढेपुढे तो हसेनासा झाला. तुला डॉक्टरला दाखवू या, म्हणायला लागला. आपलं खरंच काहीतरी बिघडलंय, असं तिलाही वाटू लागलं होतं. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट तिने स्वतःच घेतली होती.

“वरच्या ओळीत, डावीकडून दुसरी,” तो म्हणाला. “मी रिलीज केलीय. काढ आता.”

तिने हात पुढे केला आणि खिटीवर बोट ठेवलं.

“ती नको. तिच्या डावीकडची.”

तिने हात सरकवला. खिटी दाबली, डिस्क बाहेर ओढली. आणि डिस्क हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

कुठल्या खिटीवर बोट ठेवलं, हे तिने त्याला सांगितलं नव्हतं. ती काहीच बोलली नव्हती.

मान वर करावी आणि भिंती, पुस्तकांचं कपाट, छताजवळचा स्मोक अलार्म, सगळं नीट बघावं, असं तिला वाटलं. तिने मान वर केली नाही. तिला बेडरूम आठवली. बाथरूममध्ये नळ सोडून रडलेली ती संध्याकाळ आठवली. आपण काहीही विसरलो नव्हतो, तो बघत होता, हे तिच्या लक्षात आलं.

“निघाली का?”

“निघाली.” आपला आवाज नेहमीसारखाच आला, याचं तिला नवल वाटलं.

“थांब जरा. कॅमेरे आणि खालची डिस्क बंद करतो. रेकॉर्डिंग चालू असताना नवीन जोडायची रिस्क नको.”

खालचा लाइट विझला. हिमानीने हातातली डिस्क बाजूला ठेवली. मग तिने हात पुन्हा वरच्या ओळीकडे नेला आणि मुद्दाम एका चालू डिस्कची खिटी धरली. त्या डिस्कचा हिरवा लाइट लुकलुकत होता. तिने खिटी अर्धी उघडली आणि श्वास रोखून वाट पाहिली.

फोनमधून फक्त त्याच्या टायपिंगचा आवाज येत होता. तो काहीच बोलला नाही. म्हणजे आता त्याला दिसत नव्हतं.

तिने खिटी हळूच परत लावली. मग खालची, कॅमेऱ्यांची डिस्क बाहेर काढली. ती गरम होती. ओढणीत गुंडाळून तिने ती पर्समध्ये ठेवली. कपाटातला पासपोर्ट घेतला, गाडीची किल्ली घेतली. आता कुणाला काही पटवून द्यायची गरज नव्हती. पोलिसांनी ती डिस्क लावून बघितली की झालं.

“बसवलीस का?” त्याने विचारलं.

“बसवते,” म्हणून तिने फोन म्यूट केला आणि उचलून बाहेर पडली.

गाडी गल्लीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली. तिने कॉल तोडला नव्हता. टायपिंग थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा थांबलं.

“हिमानी, कॅमेऱ्यांची जुनी डिस्क दिसतच नाहीये. चुकीची काढलीस का?”

“नाही,” म्यूट काढून ती म्हणाली. “मला हवी तीच काढली.”

मागून एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. तो त्यालाही ऐकू गेला असावा.

“कुठे आहेस तू?” त्याने विचारलं.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्याला हे विचारावं लागलं होतं.