तज्ज्ञ बाईंचा नंबर

स्तनपान तज्ज्ञाची परीक्षा पास होऊन मी दवाखान्यात कामाला लागले, तरी सासूबाईंचं पालुपद एकच, "जिची स्वतःची कूस उजवली नाही, ती दुसऱ्यांना काय पाजायला शिकवणार?"

धाकट्या जावेचं चार दिवसांचं बाळ सकाळपासून टाहो फोडत होतं. अंगावर घेतलं की तोंड फिरवायचं. घरात जो तो सल्ला देत होता. ज्यांनी जन्मात कधी लंगोट बदलला नाही, ते सासरेसुद्धा. मी खोलीच्या दाराशी गेले, तर सासूबाईंनी "तू ओट्याकडचं बघ," म्हणत पडदा ओढून घेतला.

शेवटी भावोजींनी बाहेर येऊन डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर डॉक्टर म्हणाले, "पावडरच्या दुधाची घाई करू नका. एका तज्ज्ञ बाईंचा नंबर पाठवतो. त्यांच्याकडून एकही बाळ उपाशी परत आलेलं नाही."

"बघ, याला म्हणतात तज्ज्ञ!" सासूबाईंनी मला ऐकवलंच.

भावोजींनी आलेला नंबर लावला. इकडे ओट्यावर माझा फोन थरथरत साखरेच्या डब्यापर्यंत सरकला. तिकडे त्यांच्या स्क्रीनवर 'वहिनी' उमटलं असणार, कारण त्यांनी मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं आणि फोन कट केला.



"बंद लागतोय," भावोजींनी सगळ्यांना सांगितलं, आणि सासूबाईंनी मला बाटली उकळायला ठेवायला लावली.