शेवटचा फेरा

फोन लागला तशी अहिल्याबाईंनी फ्रीजच्या आडोशाला फरशीवरच बैठक मारली. तिथून मोबाईल दिसत नव्हता, नातवाचा आवाज तेवढा यायचा. वकिलाचा हुकूमच होता तसा. करोल बागेतल्या ऑफिसात त्यानं त्यांच्या मुलाला, यशोधनला, बजावलं होतं, "रोना बिल्कुल नहीं, 'कब आओगे' पूछना नहीं, और माताजी को कैमरे से दूर रखना."

गाझियाबादेत दिवेलागण झालेली, तिकडे टोरोंटोत सकाळ. पडद्यावर चिराग, सहा वर्षांचा, मावशीच्या सोफ्यावर. शेजारी मावशी, संपदा. आणि कोपऱ्यातल्या चौकोनात तिकडच्या कोर्टानं नेमलेली गोरी बाई. बापलेक कसे बोलतात ते ही बाई लिहून जजला देणार, आणि सोमवारी जज ठरवणार, पोरगं बापाकडे पाठवायचं की मावशीकडेच ठेवायचं.

पोराची आई गेली तेव्हा संपदाच म्हणाली होती, "भावोजी, सुट्टीपुरता नेते. मन रमेल त्याचं." सुट्टी संपून वर्ष झालं.

"शाळा काय म्हणते, चिराग?" यशोधननं विचारलं. ऑफिसात साहेबाशी बोलावं तसा आवाज.

"ठीक." पोरगं उशीला रेललेलं.

"जेवतोस ना नीट?"

"नको वाटतं. फीवर आहे मला, बाबा. रात्री मी आजी-आजी केलं." उशी ओढून घेत म्हणाला, "मावशी आली."

फ्रीजमागे बांगड्या वाजल्या. यशोधननं तिकडे न बघताच हात हलवला, बस म्हणून. बसतेय कसली! स्वयंपाकघरात डब्याचं झाकण निघालं, आणि अहिल्याबाई मुठीत मीठ, मोहरी, लाल मिरच्या घेऊन मोबाईलसमोर उभ्या.

"आई, नको. आई, प्लीज."

"सरक रे. पोरगं सुकलंय माझं."

आजी दिसली न् चिराग ताठ झाला. मांडी घातली, हात गुडघ्यांवर, डोळे गच्च मिटले. "मिरचीवाली? आजी, मी रेडी!" घरी शनिवारी असाच बसायचा तो.

अहिल्याबाई मोबाईलवरून मूठ ओवाळायला लागल्या. तोंडानं त्यांच्या सासूपासून चालत आलेलं तेच, "आजीची, बापाची, मामाची, मावशीची, आल्यागेल्याची, वाटेवरच्या वाटसराची, ज्याची लागली असेल त्याची दृष्ट निघो..."

'मावशीची' म्हटल्याबरोबर संपदाची मान झटकन वर झाली. अहिल्याबाईंना ते दिसलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या मिटलेल्या डोळ्यांवर.

गोरी बाई पुढे झुकली. मुठीत काय आहे? आणि ही बाई मुलावर मूठ का उगारतेय?

 यशोधनचा जन्म गेला सरकारी ऑफिसात इंग्रजी फायली लिहिण्यात, आणि आत्ता एक शब्द धड सुचेना. "इव्हिल आय, मॅडम. वी आर रिमूव्हिंग इव्हिल."

"हूज इव्हिल?"

त्याची नजर संपदाकडे गेली. "नॉट आंटी!" तो ओरडलाच. "नो, नो, मॅडम, नॉट आंटी!"

झालं. गोरीनं मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. मग संपदाला विचारलं, तुम्ही सांगा, हा काय प्रकार आहे?

आता संपदा कुठली? पहाडगंजची. तिथल्याच मराठी शाळेत शिकलेली. लग्नात मांडवातून उठली तेव्हा तिची दृष्ट काढली होती ती ह्याच अहिल्याबाईंनी, ह्याच हातानं. एक वाक्य बोलायचं होतं तिला. पोर आजारी आहे, म्हणून आजी करतेय. बस, एवढंच.

"संपदा, सांग ना यार," यशोधन मराठीत म्हणाला. दोन्ही हात जोडले त्यानं. "तुझ्या पाया पडतो. सांग."

संपदानं चिरागच्या केसांतून हात फिरवला. फिरवतच राहिली. वर न बघता म्हणाली, "आय डोन्ट नो."

"आजी, झालं?" चिरागचे डोळे अजून मिटलेले.

"नाही रे राजा, शेवटचा फेरा..."

पडदा काळा झाला.

यशोधननं फोन परत लावला. लागेना. वकिलाला लावला, तो उचलेना. पुन्हा टोरोंटो. मग नुसताच बटणं दाबत राहिला.

"मी तर पहिलं नाव माझं घेतलं रे," अहिल्याबाई म्हणाल्या. "तिनं ऐकलं नसेल का?"

 तो उठून गॅस पेटवून आला. "आण त्या मिरच्या. जाळून टाक एकदाच्या."

"कशा जाळू? फेरा राहिलाय."

"मग ठेव खाली!"

"खाली नसते ठेवायची."

त्यानं आईचं मनगट धरलं, बोटं सोडवायला गेला. मूठ सुटेना. म्हातारीत एवढा जोर कुठून आला कोण जाणे. शेवटी त्यानंच हात सोडला.

अहिल्याबाई काळ्या मोबाईलसमोर मूठ धरून तशाच उभ्या.

"लाव की रे परत," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून बसला असेल तो."