टकल्याला तोडीस तोड

मेहुणा पिकअपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत शिरला, तरी वरच्या मजल्यावरून टकल्याचा आवाज येतच होता.

"सकाळपासून?" त्याने विचारलं.

"पहाटेपासून," दाजी म्हणाले. डोळे लालभडक.

"घर कोणाच्या नावावर आहे?"

"माझ्या. पण चालतं त्याचं."

"बाहेर काढा ना."

"तुझ्या ताईला त्याचा पुळका. काल भर लोकांत माझ्या शर्टाची वाट लावली त्याने. ही हसत होती."

मेहुण्याने मान हलवली. धूर बाहेर नेणारी जुनी ओतीव नळी त्याने उतरवली. नवे हेडर बाजूला चकाकत होते, चार वळणदार नळ्यांचे.

"आवाज वाढेल ना नक्की?" दाजींनी विचारलं. "आधी नुसती गाडी चालू केली की तो गप्प बसायचा. आता सरावलाय."

"दाजी, काचा हलतील. पाना द्या."

दाजींनी खिशातून काढून चमचा दिला. छोटासा, प्लास्टिकचा. मेहुण्याने तो बघितला, परत दिला आणि पाना स्वतःच घेतला.

सांध्यातलं गॅस्केट बसलं, त्यावर हेडर. मेहुणा मधले बोल्ट आधी आवळत हळूहळू कडेला सरकला. शेवटचा बोल्ट अडला. वर टकल्याने असा सूर लावला की समोरच्या आजोबांनी खिडकी आपटली.

"आज जमलं नाही तर मी माझ्या आईकडे राहायला जातो," दाजी म्हणाले.

"तिने घेतलं तर."

"तीही याच्याच बाजूची आहे."

मेहुण्याने दात-ओठ खाऊन पाना ओढला. बोल्ट कुरकुरला, फिरला, बसला.

"मारा स्टार्टर!"

पिकअप गरजली. काचा हलल्या. तारेवरचे कावळे उडाले. शेजारचा कुत्रा स्वतःहून घरात गेला. दाजींनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि वरचा आवाज मध्येच तुटला.

गल्ली दारात आली. आजोबांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. कोणीतरी शिट्टी मारली. दाजी मेहुण्याच्या गळ्यात पडून रडले.

तेवढ्यात ताई खिडकीत आली. एका हातात तिने दुधाची बाटली करंडकासारखी उंच धरली होती. दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवून तिने सगळ्यांकडे डोळे वटारले. टाळ्या ताबडतोब थांबल्या. लोक चपला हातात घेऊन, चवड्यांवर चालत घरी गेले. पिकअप तेवढी गरजत राहिली. पाळण्यात टकल्या अंगठा चोखत गाढ झोपला होता.