एक तास पन्नास मिनिटं

ताई विमानात बसली की बाबांचा जीव टांगणीला लागायचा. अकराशे वीस किलोमीटर, एक तास पन्नास मिनिटं, हे गणित त्यांना तोंडपाठ. विमान उतरून पाच मिनिटांत तिचा मेसेज आला नाही, तर ते घर डोक्यावर घ्यायचे.

आज तिचं दहाचं विमान होतं. साडेअकराला टीव्हीवर बातमी आली : त्याच मार्गावरच्या एका विमानाशी संपर्क तुटला. कोणतं विमान, ते काही सांगेनात. बाबांनी ताईला पाचदा फोन लावला. बंद. मग ते नुसते घड्याळाकडे बघत बसले.

बरोबर अकरा पंचावन्नला त्यांच्या फोनवर मेसेज आला. "सुखरूप पोहोचले, बाबा. काळजी करू नका."

बाबा हसता हसता रडायलाच लागले. "बघ, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं! माझी पोर शब्दाची पक्की. बंद कर तो टीव्ही आणि चहा टाक."

मी रिमोट उचलला, पण बटण दाबवेना. बाबांची कटकट नको म्हणून ताई हा मेसेज घरून निघतानाच वेळ लावून ठेवते आणि तिचा फोन बंद असला तरी तो वेळेवर येतो, हे फक्त मला माहीत होतं.